नगराचा पैसा आणि नगराचे उद्यान

सायंकाळ झाली की नगरातील उद्यान गजबजून जाते. मुले घसरगुंडीपाशी रांग लावतात. वृद्ध मंडळी बाकांवर विसावून जुन्या गोष्टी काढतात. दिवसभर कामात गढलेल्या माता घटकाभर मोकळा वारा घेतात. श्रीमंताचे मूल आणि हमालाचे मूल एकाच झोपाळ्यावर पाळीपाळीने झोके घेते. हे उद्यान कोणाचे, असा प्रश्न केला तर कोणीही चटकन उत्तर देईल, 'नगरपालिकेचे.' हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. नगरपालिकेजवळचा पैसा हा मुळात तिचा नव्हे. घरोघरचे लोक घरपट्टी व पाणीपट्टी भरतात, व्यापारी परवान्याचे शुल्क देतात आणि राज्य व केंद्र सरकार अनुदान पाठवितात. अनुदान हाही सरकारने लोकांकडूनच घेतलेल्या करांचा एक भाग होय. म्हणजे उद्यानातील प्रत्येक झाडाच्या मुळाशी कोणा ना कोणाच्या कष्टाचा पैसा असतो.

मग हा पैसा कोठे व कसा खर्च करावयाचा, हे कोण ठरविते? आणि ते ठरविणे इतके कठीण का असते?

समजा, एका लहान नगराच्या तिजोरीत वर्षाअखेर वीस लक्ष रुपये शिल्लक आहेत. नगरात एक जुने उद्यान आहे. त्याचे कुंपण मोडले आहे, झोपाळ्यांच्या साखळ्या गंजल्या आहेत, आणि अंधार पडल्यावर तेथे जाण्याची कोणाची छाती होत नाही. उद्यान दुरुस्त करावे, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. परंतु त्याच नगराच्या दुसऱ्या टोकास एक जुनी वस्ती आहे. तेथील गटारे उघडी आहेत, घरे मोडकळीस आली आहेत आणि पावसाळ्यात पाणी उंबऱ्याच्या आत शिरते. त्या वस्तीची नव्याने बांधणी व्हावी, असे तेथील लोकांचे म्हणणे आहे. दोन्ही कामे चांगली आहेत, आणि दोन्ही कामांस वीस-वीस लक्ष रुपये लागणार आहेत. एक रुपया दोन ठिकाणी खर्च होऊ शकत नाही. भले व बुरे यांत निवड करणे सोपे असते. परंतु नगराचा कारभार पाहणाऱ्यांस बहुधा दोन भल्या गोष्टींतून एकीची निवड करावी लागते, आणि तेथेच त्यांची खरी कसोटी लागते.

अशा वेळी दोन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. या कामाचा लाभ कोणाला होणार? आणि या कामाची झळ कोणाला लागणार? या दोन प्रश्नांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

लोकांच्या पैशातून लोकांसाठी उद्यान करावे, ही कल्पना आज आपणांस साधी वाटते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. इंग्लंडमधील मोठमोठी उद्याने त्या काळी बहुधा राजांची अथवा सरदारांची असत. तेथे सामान्य माणसास प्रवेश मिळालाच तर तो मालकाच्या कृपेने मिळे. अशा काळात लिव्हरपूल शहराच्या समोर, मर्सी नदीच्या पैलतीरावर वसलेल्या बर्कनहेड या गावाने एक नवाच मार्ग काढला. उद्योगधंद्यांमुळे ते गाव झपाट्याने वाढत होते. दाटीवाटीने घरे उभी राहत होती आणि मोकळी जागा दिसेनाशी होत होती. तेव्हा गावाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने १८४३ साली पार्लमेंटकडून कायदा संमत करून घेतला आणि सार्वजनिक पैशातून उद्यानासाठी जमीन खरेदी करण्याचा अधिकार मिळविला.

ही जमीन सुमारे २२६ एकर होती आणि तिचा बराचसा भाग पाणथळ होता. उद्यानाची आखणी करण्याचे काम जोसेफ पॅक्स्टन यांच्याकडे सोपविण्यात आले. पॅक्स्टन हे एका शेतकऱ्याचे पुत्र. माळीकामापासून आरंभ करून ते आपल्या बुद्धीच्या बळावर नामांकित रचनाकार झाले होते. त्यांनी तळी खोदविली आणि त्यांतून निघालेल्या मातीच्या लहान टेकड्या रचल्या. सुमारे १२५ एकर जागा उद्यानासाठी कायमची मोकळी राखली. उरलेल्या जागेचे भूखंड पाडून ते घरे बांधण्यासाठी विकण्यात आले. उद्यानाशेजारी घर असावे असे कोणास वाटणार नाही? त्यामुळे त्या भूखंडांस चांगली किंमत आली आणि तिचा उद्यानाच्या खर्चास मोठा हातभार लागला. १८४७ च्या एप्रिल महिन्यात हे उद्यान सर्वांस खुले झाले. पुढे तीन वर्षांनी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचे एक अमेरिकन गृहस्थ तेथे आले. गरिबातील गरीब माणूसही या उद्यानाचा आपल्या हक्काने उपभोग घेतो, हे पाहून ते थक्क झाले. न्यूयॉर्क शहरातील प्रसिद्ध सेंट्रल पार्कची आखणी पुढे कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्या साहाय्याने त्यांनीच केली.

बर्कनहेडच्या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते. उद्यान म्हणजे केवळ शोभेचा खर्च नव्हे. नीट विचार केला तर ते गावाचे आरोग्य राखते, जमिनीचे मोल वाढविते आणि सर्वांस समानतेने वापरता येणारी जागा निर्माण करते.

परंतु शोभेचा खर्च आणि गरजेचा खर्च यांतील भेद नेहमीच इतका स्पष्ट नसतो. तो ओळखण्यास तीक्ष्ण दृष्टी लागते, आणि ओळखलेले सांगण्यास धैर्य लागते. याचा प्रत्यय पुण्याच्या नगरपालिकेत आला. १८७६ साली महात्मा जोतीराव फुले यांची त्या नगरपालिकेचे सभासद म्हणून नेमणूक झाली. आजच्याप्रमाणे सर्व प्रौढ नागरिकांस तेव्हा मताचा अधिकार नव्हता. सभासदांत सरकारच्या मर्जीतील मंडळी पुष्कळ असत. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय पुण्यास येणार असे ठरले. त्यांच्या स्वागतासाठी नगर शृंगारावे आणि त्याकरिता नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, अशी सूचना सभेपुढे आली. त्या काळी एक हजार रुपये ही लहान रक्कम नव्हती. बत्तीस सभासदांपैकी कोणीही विरोधाचा शब्द काढला नाही. एकट्या जोतीरावांनी मात्र विरोधी मत दिले. कर भरणाऱ्या लोकांचा पैसा तोरणे-पताकांत उडविण्यापेक्षा तो गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थात एका मताने ठराव अडला नाही. परंतु लाभ कोणाचा, हा प्रश्न त्या सभागृहात एकदा निर्भयपणे विचारला गेला.

पुढे पुण्यात भाजीपाल्याच्या विक्रीसाठी भव्य मंडई बांधण्याची योजना निघाली, तेव्हाही जोतीरावांनी तिला विरोध केला. इमारतीवर एवढा मोठा खर्च करण्याआधी सामान्य जनांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे, हाच त्यांचा आग्रह होता. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही आणि १८८६ साली ती मंडई उभी राहिली. त्या वेळच्या गव्हर्नरांचे नाव देऊन तिला 'रे मार्केट' असे म्हणू लागले. येथे दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे. मंडई बांधणाऱ्यांचे चुकले, असे आज कोणी सहसा म्हणणार नाही. शंभरांहून अधिक वर्षे त्या वास्तूने शेतकऱ्याचा माल आणि गिऱ्हाइकाची पिशवी यांची भेट घडवून आणली आहे. परंतु म्हणून जोतीरावांचा प्रश्नही चुकीचा ठरत नाही. शाळेवाचून राहिलेल्या मुलांच्या वतीने त्या सभेत कोणी तरी बोलणे अवश्य होते, आणि ते काम त्यांनी केले. पुढील काळात प्र. के. अत्रे नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चास त्यांनी विरोध केला, तीच आज त्यांचे नाव मिरविते. विरोधी मताचाही आदर करावा, ही शिकवण त्या नावातून कोणासही घेता येईल.

आता दुसरा प्रश्न, झळ कोणाला लागणार हा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईकडे वळले पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा शिरकाव झाला. तो रोग प्लेगच आहे, हे प्रथम ओळखणारे डॉ. अकाशिओ व्हिएगास हे मूळचे गोव्याचे. ते स्वतः मुंबई महानगरपालिकेचे सभासद होते आणि पुढे १९०६ साली तिचे अध्यक्षही झाले. रोगाने अल्पावधीत हाहाकार उडविला. हजारो लोक दगावले आणि लाखो लोक शहर सोडून गेले. अंधाऱ्या, कोंदट खोल्या, हवा न खेळणारे बोळ आणि साचलेली घाण यांमुळे आपत्ती वाढते, असे त्या वेळी सर्वांस वाटू लागले. म्हणून १८९८ साली कायदा करून 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' नावाचे एक मंडळ स्थापन करण्यात आले. दाट वस्त्या मोडून तेथे रुंद रस्ते काढावयाचे, हवेशीर घरे बांधावयाची आणि शहराच्या उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती वसवावयाच्या, हे त्याचे काम होते.

या मंडळाने केलेली कामे मुंबईत आजही दृष्टीस पडतात. तेव्हाचा सँडहर्स्ट रस्ता, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, त्याच योजनेतून निघाला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा, हा असे रस्ते आखण्यामागील एक हेतू होता. दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांत आखीव वसाहती झाल्या. माटुंग्याची 'पाच उद्याने' त्यांतलीच. कामगारांसाठी चाळीही बांधल्या गेल्या. त्या आजही 'बी. आय. टी. चाळी' या नावाने ओळखल्या जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य परळच्या अशाच एका चाळीत होते.

असे असले तरी या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आरंभीच्या वर्षांत मंडळाने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या नव्या बांधल्या नाहीत. ज्यांची घरे पडली त्या गरिबांनी जावयाचे कोठे? त्यांचे पोट जवळच्या गोदीवर, गिरणीवर अथवा बाजारावर अवलंबून होते. दूरच्या नव्या वसाहतीत राहणे त्यांस परवडणारे नव्हते. तेव्हा ती माणसे शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. एका गल्लीतील गर्दी हटली खरी, परंतु ती शेजारच्या गल्लीत जाऊन बसली. पुनर्विकासाची योजना कागदावर कितीही सुंदर असली, तरी तेथे राहणाऱ्या माणसाची सोय आधी पाहिली नाही तर ती अपुरी पडते, हा धडा मुंबईने अशा रीतीने मोठी किंमत देऊन घेतला. पुढे १९३३ साली हे मंडळ महानगरपालिकेत विलीन करण्यात आले.

त्याच काळात मुंबईच्या महानगरपालिकेने केलेले एक काम मात्र सर्वांच्या आवडीचे ठरले. १९२५ साली दादर येथे एक विस्तीर्ण मैदान लोकांस खुले करण्यात आले. त्याचे नाव प्रथम 'माहीम पार्क' असे होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ साली त्यास 'शिवाजी पार्क' हे नाव देण्यात आले. सुमारे २८ एकरांच्या त्या मैदानावर खेळाडू घडले, मोठमोठ्या सभा झाल्या आणि असंख्य मुलांनी पहिल्यांदा बॅट हाती धरली. त्या जागेवर इमारती उभारल्या असत्या तर पैसा पुष्कळ मिळाला असता. तो लाभ सोडून मैदान राखले, म्हणूनच ते आज शहराचे भूषण ठरले आहे.

आजच्या काळी असे निर्णय कोणत्या रीतीने होतात, तेही जाणून घेतले पाहिजे. भारताच्या संविधानातील चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नागरी संस्थांच्या हाती सोपविण्याजोगे अठरा विषय एका अनुसूचीत नमूद केले. नगररचना, पाणीपुरवठा व सार्वजनिक आरोग्य यांबरोबरच गलिच्छ वस्त्यांची सुधारणा आणि उद्याने व क्रीडांगणे हे विषयही त्यांत आहेत. नगरसेवकांची निवड पाच वर्षांसाठी होते, आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात.

महानगरपालिकेत दरवर्षी आयुक्त पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तयार करतात. यास अंदाजपत्रक असे म्हणतात. ते प्रथम स्थायी समितीपुढे जाते. समितीतील सभासद त्याची बारकाईने छाननी करून त्यात फेरफार सुचवितात. त्यानंतर ते सर्व नगरसेवकांच्या सभेपुढे येते. तेथे वादविवाद होतो, उपसूचना मांडल्या जातात आणि शेवटी मंजुरी मिळते. काम मंजूर झाले म्हणजे लगेच कुदळ पडते असेही नाही. अभियंते खर्चाचा तपशील काढतात, जाहीर निविदा मागविल्या जातात, आणि मग योग्य कंत्राटदारास काम देण्यात येते. झालेल्या खर्चाचे हिशेब पुढे तपासले जातात. ही वाट लांबची वाटते. परंतु दुसऱ्याचा पैसा खर्च करणाऱ्याने प्रत्येक पायरीवर थांबून हिशेब दाखवावा, यातच लोकांचे हित असते.

अनुदानाच्या पैशास आणखी एक बंधन असते. तो ज्या कामासाठी आला, त्याच कामावर खर्च करावा लागतो. केंद्र सरकारने २०१५ साली ५०० शहरांसाठी 'अमृत' अभियान सुरू केले. त्यात पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांच्या जोडीला उद्यानांचाही समावेश होता, आणि लहान मुले व वृद्ध यांच्या सोयींकडे लक्ष द्यावे असे सांगितले होते. दहा लक्षांपर्यंत वस्ती असलेल्या शहरांस कामाच्या खर्चाचा निम्मा वाटा आणि त्याहून मोठ्या शहरांस एक तृतीयांश वाटा केंद्राकडून मिळावयाचा, अशी योजना होती. बाकीची रक्कम राज्याने व शहराने उभी करावयाची होती. यावरून ध्यानात येईल की, अनुदान म्हणजे आयती मिळालेली देणगी नव्हे. ते घेताना आपल्या पदरचे किती घालावे लागणार, याचाही विचार सभासदांस करावा लागतो.

नागरिकांचे काम मात्र मत देऊन संपत नाही. शहराच्या विकास आराखड्यात कोणती जागा उद्यानासाठी राखावयाची, कोणती शाळेसाठी आणि कोणती रस्त्यासाठी, हे दाखविलेले असते. तो आराखडा मंजूर होण्यापूर्वी लोकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. आपल्या भागातील कोणती लहान कामे आधी व्हावीत हे नागरिकांनीच सुचवावे, अशी पद्धत पुणे महानगरपालिकेने २००६ साली सुरू केली. ब्राझील देशातील पोर्तो आलेग्रे या शहराने १९८९ पासून हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. तेथे सामान्य लोक सभांत एकत्र जमून, नगराचा काही पैसा कोठे खर्चावा हे आपसांत ठरवीत. गटार आधी की बाग आधी, या प्रश्नावर शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय त्यामुळे त्यांस लागली.

आता वर कल्पिलेल्या त्या लहान नगराकडे पुन्हा पाहू. वीस लक्ष रुपये उद्यानास द्यावेत की वस्तीस? याचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. कदाचित वस्तीतील गटारे आधी बांधून उद्यानाचे कुंपण पुढील वर्षी घालता येईल. कदाचित वस्तीसाठी अनुदान मिळवून नगराचा पैसा उद्यानास देता येईल. कदाचित वस्तीची नवी बांधणी करतानाच तिच्या मध्यभागी मुलांसाठी एक लहानसे अंगण राखता येईल. निर्णय कोणताही होवो, तो उघड सभेत व्हावा, त्याची कारणे लोकांस कळावीत, आणि ज्यांस झळ लागणार त्यांचे म्हणणे आधी ऐकले जावे, एवढे मात्र कोणत्याही नगरास पाळता येण्यासारखे आहे.

आजची मुले काही वर्षांनी मतदार होतील, आणि त्यांच्यांतील काही जण सभागृहात बसून हात वर करतील. तोपर्यंत त्यांच्या हाती दुसरे काम आहे. उद्यानातील बाक मोडू नये, नळ वाहता ठेवू नये, रोपटे उपटू नये. मोडलेल्या बाकाच्या दुरुस्तीस लागणारा पैसा नगराच्या त्याच तिजोरीतून जातो, आणि तेवढ्यापुरते एखाद्या गल्लीचे गटार उघडे राहते.